पिनबॉल स्पर्धेला परगावी निघताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्याला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो डाव किती लवकर संपतो याचा. आर्केडमध्ये ज्या मशीनवर दहा-बारा मिनिटं सहज निघतात, त्याच मशीनवर स्पर्धेत तिन्ही बॉल तीन मिनिटांत जाऊ शकतात. आयोजकच तशी मांडणी करतात. पटाच्या कडेने बॉल बाहेर जाणाऱ्या वाटांचे, म्हणजे आउटलेनचे खांब सरकवून वाट रुंद करतात किंवा त्यांचं रबर काढतात, मशीन जास्त हलवलं की बॉल संपवणारा टिल्ट कडक करतात, सुरुवातीला गेलेला बॉल परत मिळतो तो बॉल सेव्हचा वेळ कमी करतात आणि जादा बॉल बंद ठेवतात. नव्या मशीनचा उतार एरवी साधारण ६.५ अंश असतो, तोही काही ठिकाणी वाढवतात. शेकडो डाव एका दिवसात उरकायचे तर याला इलाज नाही. त्यामुळे एवढ्या लांब जाऊन दिवसातला बराच वेळ उभं राहण्यात आणि वाट पाहण्यात जाणार, बॉल मारायच्या दांड्यांवर, म्हणजे फ्लिपरवर हात थोडाच वेळ असणार, हे धरूनच निघा. त्या थोड्या वेळाची तयारी घरूनच करून जायची असते.

स्पर्धा निवडताना

जगभरच्या स्पर्धांचं कॅलेंडर इंटरनॅशनल फ्लिपर पिनबॉल असोसिएशन, म्हणजे आयएफपीएच्या संकेतस्थळावर असतं. जागतिक क्रमवारीच्या गुणांना खेळाडू ‘व्हॉपर’ म्हणतात. हे गुण देणारी स्पर्धा किमान ३० दिवस आधी त्या कॅलेंडरवर लागावी लागते, त्यामुळे महिनाभर आधी पाहिलं तरी त्या गावात काय-काय आहे ते कळतं. गुणांसाठी आधी कुठे सदस्य व्हावं लागत नाही. पहिल्या स्पर्धेचा निकाल आयोजकांनी पाठवला की तुमच्या नावाचं पान आणि खेळाडू क्रमांक तयार होतो.

मोठ्या स्पर्धांच्या जागा झटपट भरतात. पिट्सबर्गच्या पिनबर्ग स्पर्धेत २०१९ साली १००० खेळाडू होते, तरी नोंदणी सुरू झाल्यावर काही मिनिटांत जागा संपल्या होत्या. म्हणून आधी स्पर्धेतली जागा पक्की करा, मग प्रवासाचं तिकीट काढा आणि राहण्याची सोय शेवटी बघा. नाव प्रतीक्षा यादीत असताना परत न मिळणारे पैसे कशातही गुंतवू नका.

जाहिरातीत बहुधा नसलेल्या काही गोष्टी आयोजकांना विचारून घ्या. प्रवेश शुल्कात मशीनचे पैसे धरलेत, की प्रत्येक डावाला नाणी किंवा टोकन स्वतः टाकायची? जागा बारमध्ये असेल तर वयाची अट काय? बऱ्याच स्पर्धा बारमध्ये भरतात आणि वय कमी असेल तर दारातूनच परत पाठवतात. हजेरी किती वाजता बंद होते? आणि अंतिम फेरी त्याच दिवशी की दुसऱ्या दिवशी?

या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर परतीचं तिकीट ठरतं. पिनबॉलच्या डावाला ठरलेली वेळ नसते. एखाद्या गटात कुणी एकच बॉल अर्धा तास खेळत राहिला की पुढची फेरी अडते, आणि संध्याकाळी सातला संपायची ती मध्यरात्रीपर्यंत जाते. परतीचा प्रवास अंतिम फेरीच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. पोहोचायचंही आदल्या दिवशीच. पिनबॉल मॅप या ॲपवर कोणत्या गावात कुठे कोणतं मशीन आहे ते दिसतं. स्पर्धेच्या यादीतलं एखादं मशीन जवळपास सापडलं तर आदल्या संध्याकाळी त्यावर तासभर खेळून घ्या. प्रवासाने जड झालेले हात त्यानेच मोकळे होतात.

स्पर्धेची पद्धत पाहून ठरवा

सगळ्या स्पर्धा एकाच साच्याच्या नसतात, आणि लांबून येणाऱ्याला हा फरक फार महत्त्वाचा असतो.

गटवार मॅच प्लेमध्ये चौघांचा गट एका मशीनवर खेळतो आणि क्रमानुसार गुण मिळतात. ७, ५, ३, १ ही वाटणी बरीच चालते. ठरलेल्या फेऱ्या होईपर्यंत कुणी बाद होत नाही. सलग हरलात तरी दिवसभर खेळायला मिळतं, आणि बहुतेक स्पर्धांत हरणाऱ्यांची गाठ पुढे हरणाऱ्यांशीच पडत जाते. पहिल्या प्रवासासाठी डोळे झाकून हीच पद्धत निवडावी.

स्ट्राइक नॉकआउटमध्ये हरलं की एक स्ट्राइक, आणि ठरावीक स्ट्राइक झाले की बाहेर. चौघांच्या गटात बहुधा खालच्या दोघांना प्रत्येकी एक मिळतो. तीन स्ट्राइकच्या स्पर्धेत तीन वाईट डाव म्हणजे तासाभरात खेळ खलास. ही पद्धत वाईट नाही, पण एवढ्यासाठी विमानाने जाऊ नये. जोडीला दुसरी स्पर्धा असेल तरच जावं.

बेस्ट गेम पद्धतीत हवं ते मशीन निवडून रांगेत नाव लावायचं, डाव खेळायचा आणि प्रत्येक मशीनवरचा तुमचा सर्वोत्तम स्कोअर धरला जातो. मशीनवार क्रमांकाचे गुण असतात. पहिल्याला १००, दुसऱ्याला ९०, तिसऱ्याला ८५ आणि तिथून खाली एकेक कमी, ही वाटणी पुष्कळ ठिकाणी दिसते. म्हणजे एका मशीनवर पहिलं येऊन मिळणारे १०० गुण चार मशिनांवर पंधरावं-सोळावं येऊन मिळणाऱ्या सुमारे २९० गुणांपेक्षा कितीतरी कमी असतात. सगळीकडे बरा स्कोअर हवाच. प्रत्येक प्रयत्नाला पैसे लागतात, म्हणून किती प्रयत्न घेणार ते आधीच ठरवून जा. पहिल्या दिवशी सकाळी दार उघडल्या उघडल्या रांगा सगळ्यात छोट्या असतात. पात्रता फेरीच्या शेवटच्या दोन तासांत एका डावासाठी पाऊण तास उभं राहावं लागतं. कार्ड पद्धत याचीच कडक बहीण: चार-पाच मशिनं आधी लिहून द्यायची आणि त्या सगळ्यांचे गुण एकत्र मोजायचे. त्यात एक डाव फसला की अख्खं कार्ड वाया.

फ्लिप फ्रेन्झी वेळेवर चालते. दोघादोघांचे डाव होतात, डाव संपला की निकाल सांगून परत रांगेत. दोन-तीन तासांत खूप डाव आणि खूप ओळखी होतात. नवख्याला मजा येण्यासाठी याहून चांगलं काही नाही.

मोठ्या मेळ्यात मुख्य स्पर्धेबरोबर जुन्या मशिनांची क्लासिक्स आणि फक्त महिलांसाठीची अशा वेगळ्या स्पर्धाही असतात. महिलांची स्वतंत्र क्रमवारीही आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव दिलं तर हाक आल्यावर धावपळ होते आणि दोन्हीकडे शून्य पडू शकतं. वेळापत्रक शेजारी ठेवून मगच नावं द्या.

घरची तयारी

मशिनांची यादी आधी जाहीर झाली असेल तर तिचे तीन भाग करा. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतची रिले आणि फिरत्या आकड्यांची इलेक्ट्रोमेकॅनिकल मशिनं, त्यानंतरची सुरुवातीची सॉलिड स्टेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, आणि १९९०च्या आसपासपासून आजपर्यंतची मोठमोठ्या नियमांची मशिनं. पिनबर्गमध्ये प्रत्येक फेरीत वेगवेगळ्या काळातली चार मशिनं एकत्र असायची. त्यामुळे फक्त नव्या मशिनांवर हात बसलेला खेळाडू तिथे अडखळायचा.

प्रत्येक मशीनसाठी तीन ओळी लिहा, जास्त नको. पहिल्या ओळीत प्लंजरने, म्हणजे ओढून सोडायच्या दांड्याने, बॉल सोडताना काय साधायचं ते. दुसरीत सगळ्यात सुरक्षित गुण कुठे आहेत, तिसरीत काय मारायचं नाही. उदाहरणार्थ १९९२चं द ॲडम्स फॅमिली. तिथे पुस्तकांच्या कपाटावर बॉल मारत ‘ग्रीड’ ही अक्षरं पूर्ण केली की मागची तिजोरी उघडते, तिथे बॉल लॉक होतात आणि तिसऱ्या लॉकला मल्टिबॉल, म्हणजे तीन बॉलचा एकाच वेळी खेळ, सुरू होतो. पण त्या वेळी पटाखालचे चुंबक बॉलला खेचतात, म्हणून बारीक नेमबाजीचा हट्ट सोडून बॉल वर ठेवण्यावर भर द्यायचा. १९९३च्या ट्वायलाइट झोनमध्ये एक बॉल सिरॅमिकचा आहे. पोलादी बॉल २७ मिलिमीटरचा आणि साधारण ८० ग्रॅमचा असतो. सिरॅमिकचा हलका आणि जास्त चपळ, शिवाय त्याला चुंबक लागत नाही. पटावर तो असताना नेहमीच्या क्षणी मारलेला फटका चुकतो. हे माहीत नसेल तर एक बॉल नुसता गोंधळात जातो.

जुन्या मशिनांच्या ओळी आणखी छोट्या. तिथे बहुतेक गुण स्पिनर (बॉल लागला की फिरणारी पट्टी), ड्रॉप टार्गेट (बॉल लागला की खाली पडणारं लक्ष्य) आणि बॉल संपल्यावर मोजला जाणारा बोनस यांत असतात. टिल्ट झाला की बोनस जातो. बॉल नाल्यात, म्हणजे फ्लिपरखालून बाहेर, निघालाच असेल तर रागाने मशीन हलवू नका. गेलेल्या बॉलबरोबर बोनसही जाईल. या मशिनांवर टिल्टची आधी सूचना मिळत नाही, पहिल्याच धक्क्याला बॉल संपतो.

संगणकावरच्या सिम्युलेटरवर नियम आणि फटक्यांचा क्रम छान पाठ होतो. बॉलचा वेग आणि मशीनला द्यायचा धक्का मात्र खऱ्या मशीनवरच कळतो, म्हणून सिम्युलेटरवरचे स्कोअर मनावर घेऊ नका.

सामान फार लागत नाही. जाड तळव्यांचे बूट सगळ्यात महत्त्वाचे, कारण सिमेंटच्या जमिनीवर दहा-बारा तास उभं राहायचं असतं. त्याशिवाय पॉवर बँक, पाण्याची बाटली, थोडं सुकं खाणं, हात पुसायला रुमाल, वातानुकूलित सभागृहासाठी जॅकेट आणि कानात घालायचे बोळे. शंभर मशिनं एकत्र वाजतात तेव्हा संध्याकाळपर्यंत डोकं दुखतं. गाणी ऐकायची असली तर बहुतेक ठिकाणी हेडफोन चालतात, पण पंचांची हाक ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा.

सकाळी पोहोचल्यावर

हजेरीच्या टेबलावर नाव सांगताना आयएफपीए क्रमांक असेल तर तोही सांगा, नसेल तर नावाचं स्पेलिंग लिहून द्या. एका नावाची दोन पानं तयार झाली की गुण दोन्हींत विभागले जातात आणि ते जुळवायला पत्रव्यवहार करावा लागतो. बऱ्याच स्पर्धा मॅच प्ले नावाच्या संकेतस्थळावर चालतात. तुमचा गट, मशीन आणि क्रम फोनवरच दिसतो आणि निकालही तिथेच टाकला जातो. टूर्नामेंट डायरेक्टर, म्हणजे सगळे ज्याला टीडी म्हणतात, तो सुरुवातीला नियम वाचून दाखवतो. ते लक्ष देऊन ऐका. जादा बॉल मिळाला तर खेळायचा की न खेळता सोडून द्यायचा, सराव किती चालेल, फेरीला उशीर झाला तर किती मिनिटांत शून्य, हे दर स्पर्धेत वेगळं असतं.

काही ठिकाणी डावाआधी अर्धा मिनिट सराव करू देतात. तो स्कोअर करण्यात घालवू नका. प्लंजर किती ओढल्यावर बॉल कुठे जातो ते बघा. फ्लिपर न हलवता बॉल त्याच्यावर आपटू द्या आणि उडी किती येते ते बघा. मग मशीन हळूहळू ढकलत टिल्टची पहिली सूचना कुठे येते ते शोधा. एवढ्यानेच बरंच काम होतं.

मशीनसमोर

चौघं मशीनपाशी जमलात की आधी फोनवर क्रम पाहा आणि तो मोठ्याने म्हणा: पहिला कोण, दुसरा कोण. मग एकानेच स्टार्ट बटण दाबायचं, चार खेळाडूंसाठी चार वेळा, आणि प्रत्येक दाबण्यानंतर पडद्यावरचा आकडा बघायचा. तीनच खेळाडू लागले तर बॉल सोडू नका, टीडीला बोलवा. अनेक नव्या मशिनांत स्पर्धेसाठी वेगळा मोड असतो, त्यात नशिबाने मिळणारी बक्षिसं सगळ्यांना सारखी पडतात. तो कसा सुरू करायचा ते विचारा. बटण अंदाजाने दाबून पाहू नका.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. दुसऱ्याच्या पाळीला बॉल खेळला तर तुमचा तो डाव शून्य धरला जातो. हे नवख्यांचंच होतं असं नाही. गप्पा चालू असतात, बॉल प्लंजरपाशी येऊन थांबलेला दिसतो आणि हात आपोआप जातो. म्हणून प्रत्येक पाळीला एकच सवय ठेवा. मशीनपाशी उभं राहायचं, हात मागे ठेवायचे, पडद्यावर चमकणारा खेळाडू क्रमांक वाचायचा, आणि मगच हात पुढे. जुन्या मशीनवर पडदा नसतो, तिथे मागच्या काचेवर कोणत्या खेळाडूचा दिवा लागलाय ते शोधावं लागतं. शोधून सापडला नाही तर बाकीच्या तिघांना विचारा, त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या आधीच्या खेळाडूचा टिल्ट झाला असेल तर लगेच बॉल सोडू नका. टिल्टचं यंत्र साधं असतं: मशीनच्या पोटात एका कडीतून शंकूसारखं वजन लोंबतं, ते हलून कडीला टेकलं की सूचना मिळते. जोराचा धक्का बसल्यावर ते वजन काही क्षण झुलत राहतं आणि पुन्हा पुन्हा टेकतं. एका ढकलण्यात दोन-तीन सूचना एकदम येतात त्या याच कारणाने. तुम्ही घाईने बॉल सोडलात तर आधीच्याच्या झुलण्याने तुमचा बॉल जाऊ शकतो. दहा-पंधरा सेकंद थांबा. जुन्या मशीनवर याहून जास्त थांबा. तसंच स्वतःला सूचना मिळाली तर बॉल फ्लिपरवर धरून ठेवा आणि वजन स्थिर होऊ द्या.

खेळायचं कसं, हे एका लेखात मावणार नाही, पण स्पर्धेत नवख्याचे निम्मे बॉल ज्याने जातात ते सांगतो. दोन्ही फ्लिपर एकदम उडवू नका. दोन्ही वर गेले की मधली फट मोकळी होते. वरून येणारा बॉल एका फ्लिपरवर येतोय असं दिसलं तर तो फ्लिपर हलवूच नका. बॉल रबरावर आपटतो, उडी मारून दुसऱ्या फ्लिपरकडे जातो, आणि तिथे दुसरा फ्लिपर वर धरून तो थोपवायचा. याला डेड बाउन्स म्हणतात. बॉल थांबला की श्वास घ्या, टिपणातली तिसरी ओळ आठवा, मग फटका मारा. थोपवलेल्या बॉलचा फटका आणि येता येता मारलेला फटका यांच्या अचूकतेत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गटाच्या डावात तुम्हाला फक्त समोरच्या तिघांना मागे टाकायचं असतं, हे आकड्यांच्या गडबडीत विसरायला होतं. मशीनचा विक्रम गाठायची गरज नसते. तिसऱ्या बॉलला उभं राहण्याआधी पडद्यावर बघा: दुसरा क्रमांक किती लांब आहे, तिसरा किती. पुढच्याला गाठायला २० लाख हवे असतील आणि तुम्हाला मल्टिबॉलची तयारी करायला चार फटके लागणार असतील, तर दोन सोप्या रॅम्पमध्ये (पटावरच्या चढत्या वाटांमध्ये) ते भागतंय का ते तपासा. याच कारणाने शेवटी खेळणं फायद्याचं. किती हवेत ते माहीत असतं. क्रम निवडायची संधी मिळाली तर चौथा क्रमांक मागा. बेस्ट गेममध्ये मात्र हे गणित लागू नाही, तिथे प्रत्येक गुण मोलाचा.

बिघाड झाला तर

मशिनं यांत्रिक आहेत, अडकतात आणि बिघडतात. इथे नियम माहीत असला तर नुकसान टळतं.

बॉल कुठे अडकला तर मशीनला जोराचे धक्के देऊ नका. त्या प्रयत्नात टिल्ट झाला तर तो तुमचा. नव्या मशिनांत बॉल सापडला नाही की मशीन स्वतः सगळे कॉइल उडवून शोधतं; तसे काही फेरे होऊ द्या. तरी सुटला नाही तर हात वर करून टीडीला बोलवा आणि मशीन सोडून हलू नका. मल्टिबॉल चालू असेल तर बाकीचे बॉल फ्लिपरवर धरून ठेवा. टीडी येईपर्यंत बॉल आपोआप सुटला आणि तुम्ही दुसरीकडे बघत असताना गेला, तर तो गेलाच. टीडी काच काढतो तेव्हा तो बॉल बहुधा वर धरलेल्या फ्लिपरवर ठेवतो. बटण तुमच्याच हातात असतं, ते सोडू नका.

बिघाडांचे ढोबळ दोन प्रकार. एखादा दिवा लागत नाही, एखादं टार्गेट नोंद घेत नाही, हे किरकोळ. त्याला भरपाई नसते, सगळ्यांना तेच मशीन आहे. फ्लिपर मेला आणि त्यामुळे बॉल गेला, तर हा मोठा बिघाड. असं झालं तर सहसा चालू डाव पूर्ण करतात, मग नव्या डावात तुम्हाला एक बॉल देतात आणि तो स्कोअर आधीच्यात मिळवतात. पण हे घडल्या घडल्या सांगायला हवं. पुढच्या खेळाडूने बॉल सोडल्यावर ‘मघाशी फ्लिपर चालत नव्हता’ म्हणून उपयोग नाही, कारण टीडीला काही तपासताच येत नाही. निर्णय पटला नाही तर नियमावलीतला भाग शांतपणे विचारा. अंतिम शब्द टीडीचाच असतो.

स्लॅम टिल्ट याहून गंभीर. मशीन उचललं, आपटलं किंवा मशीनच्या नाण्यांच्या दारावर लाथ बसली तर सगळ्यांचाच डाव संपतो, आणि तो करणाऱ्याला शून्य मिळतो. नाल्यात गेलेला बॉल मशीनला झटका देऊन परत आणण्याच्या डेथ सेव्ह आणि बँग बॅक या युक्त्यांना स्पर्धेत बंदी आहे.

डाव संपल्यावर

तिसरा बॉल गेला म्हणून लगेच निघून जाऊ नका. चारही स्कोअर दिसत असताना फोटो काढा. विक्रमाची नोंद करायला मशीन नाव विचारत असेल तर ते संपू द्या. कुणी घाईने स्टार्ट दाबलं तर अनेक मशिनांवर आधीचे स्कोअर पुसले जातात. फिरत्या आकड्यांच्या मशीनवर आणखी एक सापळा: आकडे भरले की परत शून्यापासून सुरू होतात. कुणाचा स्कोअर असा उलटला तर त्याच क्षणी चौघांनी मोठ्याने कबूल करून घ्या आणि लिहून ठेवा. मागाहून त्यावर वाद होतातच. निकाल टाकल्यावर फोनवर आपला क्रमांक बरोबर लागलाय का तपासा. पुढची फेरी सुरू झाल्यावर दुरुस्ती अवघड होते.

दोन डावांच्या मध्ये

खेळणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहू नका. शेजारच्या मशीनला टेकू नका, तिथे कुणाचा डाव चालू असेल तर तुमच्या वजनाने टिल्ट बसू शकतो. काचेवर पेला ठेवणं हा तर गुन्हाच समजतात. बॉल खेळात असताना खेळणाऱ्याला ‘तो रॅम्प मार’ असं सांगणं नियमाबाहेर आहे. दोन बॉलच्या मध्ये विचारलं तर बहुतेक जण आनंदाने सांगतात. चांगला बॉल झाला की मुठीला मूठ टेकवायची रीत आहे, हरल्यावरही. पिनबॉलच्या लोकांइतके मोकळेपणाने नियम समजावणारे प्रतिस्पर्धी फार कमी खेळांत भेटतात, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. वरच्या क्रमांकाचा खेळाडू मोकळा दिसला की त्याच्या मागे उभं राहून एक अख्खा डाव बघा, आणि बॉल थोपवण्यासाठी तो किती वेळ काढतो ते मोजा.

बाहेर जेवायला किंवा स्वच्छतागृहात जाताना गटातल्या कुणाला तरी सांगून जा. बाद झालात तर टीडीला विचारा, स्कोअर लिहायला किंवा रांग सांभाळायला माणसं हवीच असतात. तिथे उभं राहून बघितलेली अंतिम फेरी कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवते, आणि पुढच्या वर्षी त्या गावात तुम्हाला नावाने हाक मारणारं कुणी असतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी आयएफपीएवर निकाल तपासा. नाव चुकलं असेल किंवा स्पर्धा दुसऱ्याच कुणाच्या पानावर लागली असेल तर आयोजकांना आणि आयएफपीएला स्पर्धेचं नाव आणि तारीख देऊन कळवा. गुण पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के, तिसऱ्या वर्षी ५० टक्के धरतात आणि त्यानंतर ते मोजले जात नाहीत. तीन ओळींच्या टिपणांत प्रत्यक्ष मशीनवर काय वेगळं निघालं ते आठवण ताजी असताना भरून ठेवा. त्यातली बरीच मशिनं पुढच्या स्पर्धेच्या यादीतही असतात.